तड्यावरची काच

तुमच्या गावच्या शाळेला कुठे तडा गेला आहे, सांगता येईल? कोणत्या भिंतीला, कुठून कुठपर्यंत? गेल्या वर्षीपेक्षा तो रुंद झाला आहे का?

त्या भिंतीवर कोणतं घोषवाक्य रंगवलं आहे ते तुम्ही सांगू शकाल. तडा त्याच घोषवाक्याच्या मधून गेला असेल, पण तो आठवणार नाही. तुम्हाला दोष देत नाही. मलाही आठवला नसता. मी सातवीत असताना आमच्या शाळेत भूगोलाचे ते सर आले, म्हणून आठवतो.

आमचं गाव यावल तालुक्यातलं. केळीच्या बागा संपल्या की लगेच सातपुडा उभा राहतो, मध्ये चढण अशी नाहीच. सर साक्रीकडचे. पहिल्या दिवशी वर्गात आले, हजेरी घेतली नाही, उत्तरेच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि डोंगराकडे बोट करून म्हणाले, "हाऊ आठे काय करी राह्यना?"

आम्ही खो खो हसलो. साक्रीकडची अहिराणी आम्हाला समजते, पण आमची बोली वेगळी. त्यात सर ‘हा इथं काय करतोय?’ असं, कुणा चोराबद्दल विचारावं तसं, विचारत होते.

मॉनिटर उठून म्हणाली, "सर, तो पहिल्यापासून इथंच आहे."

"पहिल्यापासून म्हणजे कधीपासून?"

ती डोंगराकडे बघायला लागली.

"पहिल्यापासून नाही. त्याला कुणीतरी वर ढकललंय. कुणी, ते शोधायला आपल्याकडे अख्खं वर्ष आहे. बसा."

त्या वर्षी सरांनी पुस्तकातले नकाशे शेवटी शिकवले. आधी गोधडी शिकवली. गोधडी होती अक्कांची. अक्का शाळेत खिचडी शिजवायच्या, सातवीच्या वर्गाला लागूनच त्यांची पत्र्याची शेड होती. दोन जुन्या लुगड्यांचे तुकडे मधोमध जोडून शिवलेली ती गोधडी सरांनी फरशीवर पसरली. एक कड भिंतीला टेकवली आणि समोरच्या कडेला आम्हा चौघींना गुडघ्यांवर बसवलं.

"ही भिंत म्हणजे आशिया. तुम्ही ढकला. हळू! धसमुसळेपणा नको, खंड काही बैल नव्हे."

आम्ही ढकललं. भिंतीपाशी गोधडीच्या मोठ्या घड्या उभ्या राहिल्या. तो हिमालय, हे आम्हाला कळलं. पण मधली शिवणही फुगून वर आली होती.

"इथं कुणी ढकललं?"

"कुणीच नाही सर."

"इथं काही आदळलं?"

"नाही."

"मग इथंच का वर आलं? दुसरीकडं का नाही?"

दारात उभ्या अक्का म्हणाल्या, "तिथं मी जोड दिलाय ना. जोडावर कापड कधी नीट बसत नाही."

सर इतके खूश झाले की त्यांनी अक्कांना हात जोडले. मग फळ्यापाशी जे सांगितलं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. आपला देश एकसंध जमिनीचा नाही. शंभर कोटी वर्षांहूनही आधी भूखंडाचे दोन तुकडे एकमेकांवर आदळले आणि इथंच, सातपुड्याच्या या पट्ट्यात, जोडले गेले. तेव्हाही डोंगर उठले असतील. ते झिजून गेले. जोड मात्र खाली राहिला. पुढे त्यावर लाव्हा पसरला, काळा दगड झाला, जोड झाकला गेला. मग फार नंतर आपला भूखंड उत्तरेला सरकत आशियावर आदळला. टक्कर झाली इथून हजारेक किलोमीटरवर. पण तिचा रेटा आतपर्यंत पोचला आणि आत पोचलेल्या रेट्याला जागा दिली ती या जुन्या जोडानं. एका बाजूला सातपुडा उचलला गेला, दुसऱ्या बाजूला तापीचं खोरं खाली राहिलं.

"आपण समजतो, टक्कर झाली की कडा मोडतात, आतलं सुरक्षित," सर म्हणाले. "तसं नसतं. जुनी टक्कर जिथं मिटली असं वाटतं, तिथंच नवी पहिल्यांदा दुखते."

मी हे वाक्य वहीत लिहिलं नाही. घरी जाऊन एका पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. आमच्या घरी पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. बाबा केळीबागांतल्या मजुरांच्या संघटनेचं काम करायचे. उरलेली पत्रकं फळीवर रचलेली असत. मी वाचायला त्यांवर शिकले. त्यामुळे कुठलंही वाक्य पटलं की ते चौकात वाटावं असं मला तेव्हाही वाटायचं.

सरांचा वेडेपणा मोजायचा तर कुठून सुरुवात करावी कळत नाही. चहा आला की ते कप बाकावर ठेवून आधी चहाकडे बघत. पृष्ठभाग हलत नाही ना, याची खात्री झाली की मगच तोंडाला लावत. तोवर साय धरायची. भेटला त्याला नमस्काराऐवजी विचारत, "काय, हलला का?" गावाला सवय झाली. लोक उलट विचारायला लागले, "नाही सर, तुमच्याकडं?"

सुट्टीत साक्रीला गेले की येताना पिशवी भरून दगड आणायचे. एकदा कंडक्टरने पिशवी उचलून बघितली आणि म्हणाला, "मास्तर, याचं पूर्ण तिकीट की अर्धं?"

"आधी वय विचार," सर म्हणाले. "साडेसहा कोटी वर्षं. ज्येष्ठ नागरिक आहे."

आणि बांगड्या. सातवीच्या वर्गाच्या उत्तरेच्या भिंतीला खालून वर तिरका तडा होता. सर आले त्याच महिन्यात त्यांनी आम्हा मुलींकडून फुटक्या बांगड्यांचे तुकडे मागून घेतले. प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा बोटभर गोळा तड्याच्या अलीकडे, एक पलीकडे, आणि मध्ये काच आडवी. खाली पेन्सिलीने तारीख. तडा केसभर जरी रुंदावला तरी काच तडकणार. वाकणं काचेच्या स्वभावात नाही, ती खोटं बोलत नाही, असं ते म्हणत.

तिसऱ्या दिवशी तीन आया शाळेत आल्या. फुटकी बांगडी आपल्याकडे कुणी घरात ठेवत नाही, तिथे हे भिंतीला मांडून बसले होते.

"सर, पोरींच्या काकणांचे तुकडे भिंतीला? अभद्र नाही का हे?"

"भिंत पोरींच्या अंगावर पडली तर ते भद्र आहे का?"

आयांचा पारा आणखी चढला. पण सरांनी त्यांचं एक ऐकलं. आपल्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. त्या दिवसापासून सरांच्या नोंदवहीत "काच फुटली" असं एकदाही आलं नाही. "आज तिसरी काच वाढवली." "पाचवी शाबूत." ती वही वाचताना वाटायचं, एखाद्या घरातली कुणी बाई रोजनिशी लिहिते आहे.

काचा जात होत्या. आणि सरांच्या मते कारण उघड होतं. शाळा सातपुड्याच्या पायथ्याशी, म्हणजे त्या जुन्या जोडावर. तडा पूर्व-पश्चिम धावणाऱ्या डोंगराच्या बाजूच्या भिंतीला. जोड हलतोय, भिंत फाटतेय. त्यांनी पंचायत समितीला अर्ज दिला. त्यात दोन भूखंडांची टक्कर होती, हिमालय होता, आणि शेवटी एका ओळीत "सबब सातवीचा वर्ग तातडीने हलवावा" असं होतं.

त्याच वर्षी अक्कांनी त्यांना एक गोष्ट सांगितली होती. मी तिथेच ताट घेऊन उभी होते. सर काच चिकटवत होते, तेव्हा अक्का पळीने खिचडी ढवळत म्हणाल्या, "सर, माझी चूल पण उन्हाळ्यात अशीच फाटते. पावसाळ्यात आपोआप मिटते. ही काळी माती आहे. ती तहानली की आखडते, पाणी प्यायली की फुगते."

सरांनी मान हलवली. "हो हो, अक्का," असं म्हणाले आणि तारीख लिहायला लागले.

हे मी मुद्दाम नोंदवते आहे. शंभर कोटी वर्षांपूर्वीच्या टकरीचा आवाज ज्यांना ऐकू यायचा, त्यांना चार पावलांवर चुलीपाशी बसलेल्या बाईचं बोलणं ऐकू आलं नाही. गोधडीच्या वेळी त्यांनी तिला हात जोडले होते, कारण तेव्हा ती त्यांच्या मनातलं बोलली होती.

मी आठवीत असताना पंचायत समितीचा अभियंता आला. तरुण होता, मोटारसायकलवर आला. तडा बघितला, अर्ज काढला, दोनदा वाचला.

"सर, दोन खंड आदळलेत म्हणता. त्याचं अंदाजपत्रक मी कोणत्या सदरात बसवू?"

सगळे हसले.

"आणि ढकलणारा हिमालय असेल तर नोटीस त्यालाच द्यावी लागेल. माझ्या हद्दीत येत नाही तो."

तो गेला. तपासणीच्या आदल्या आठवड्यात तडा पुट्टी भरून बुजवला आणि वर "स्वच्छ शाळा सुंदर शाळा" रंगवलं. दोन महिन्यांत "सुंदर" मधोमध दुभंगलं. सरांनी त्यावर काच लावली.

नववीत मी माझं पहिलं पत्रक काढलं. मथळा होता, "भूखंड सरकतोय! शाळा पडणार! पंचायत झोपली!" बाबांच्या ओळखीच्या ठिकाणी छापलं, यावलच्या आठवडी बाजारात वाटलं, फोटो काढून गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. मला वाटलं, आता आग लागेल. लागलं ते हसू. पुढचे कित्येक महिने चहाच्या टपरीवर कुणाचा कप सांडला की लोक म्हणायचे, "भूखंड सरकला." सातवीच्या मुली त्याच भिंतीखाली बसत होत्या. त्यात माझी धाकटी बहीणही होती, दुसऱ्या बाकावर, तड्याच्या बरोबर खाली.

सरांनी मला रागावलं नाही. पत्रक वाचून म्हणाले, "उद्गारचिन्हं जास्त झाली. एक काढून तारखा घाल."

म्हणून दहावीच्या डिसेंबरात दुसऱ्या पत्रकासाठी मी त्यांची नोंदवही उतरवायला घेतली. चार वर्षांच्या तारखा एकाखाली एक लिहिल्या. आणि हात थांबला.

"सर, वाढवलेल्या सगळ्या काचा फेब्रुवारी ते जूनमधल्या आहेत."

"असं?"

"जुलै ते डिसेंबरात एकही नाही. उलट पावसाळ्यात तडा मिटल्याचं तुम्हीच लिहिलंय. तीनदा."

त्यांनी वही ओढून घेतली. बराच वेळ बोटाने ओळी मोजत राहिले. शाळेची घंटा झाली, मुलं गेली. मग ते अगदी हळू म्हणाले, "खंडाला उन्हाळ्याची सुट्टी नसते."

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "आपला अख्खा भूखंड वर्षाला नख वाढतं तेवढा सरकतो. आतल्या जोडावर तर त्याचा अगदी थोडा भाग येतो. आणि हा तडा उन्हाळ्यात करंगळी जाईल एवढा होतो. हे मी मुलांना शिकवतो. मलाच कसं दिसलं नाही?"

ते उठले आणि खिचडीच्या शेडमध्ये जाऊन चुलीपुढे उकिडवे बसले. अक्का भांडी घासत होत्या.

"अक्का, ते चुलीचं काय म्हणत होतात?"

"कधी?"

"चार वर्षांपूर्वी."

अक्कांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "आता विचारताय होय? थांबा, हात धुऊ द्या."

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी सरांना समजावलं. गेली चार वर्षं हसू झालंच आहे, आता "मी चुकलो" म्हणालात तर तुमचं एकही वाक्य कुणी ऐकणार नाही. कारण काय ते सांगूच नका, फक्त वर्ग हलवायची मागणी करा. खरं सांगायचं तर मीही हेच म्हणाले. चळवळीच्या घरात वाढलेलं पोर होते मी. विरोधकाच्या हातात आपण होऊन काठी द्यायची नसते, हे मला पाठ होतं.

सर म्हणाले, "आणि नवी भिंत कुठं बांधतील?"

"तिथंच."

"कशावर?"

मी त्या भिंतीच्या बुडाकडे बघितलं.

"अर्जात कारण चुकीचं राहिलं तर नवी भिंतही काळ्या मातीत दोन फुटांवर उभी राहील. पुन्हा तडा. मग तुझ्या बहिणीच्या जागी कुणाची तरी बहीण. माझं हसू स्वस्त पडेल."

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ते उभे राहिले. हातात नोंदवही, आणि जुन्या बिस्किटांच्या डब्यात चार वर्षांच्या काचा, प्रत्येक पुडीवर तारीख. अभियंताही आला होता. सर शाळेत असतात तेवढ्याच आवाजात बोलले.

"शाळेचा तडा भूखंडाच्या टकरीचा नाही. काळ्या मातीचा आहे. ती उन्हाळ्यात आखडते, पावसाळ्यात फुगते, पाया उथळ आहे, म्हणून भिंत दरवर्षी ओढली जाते. मी चार वर्षं चुकीचं कारण सांगितलं. खरं कारण पहिल्याच वर्षी अक्कांनी मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. मन्ही चूक व्हयनी."

शेवटचे शब्द त्यांच्या घरच्या बोलीत निघाले. मला वाटतं, ते त्यांना ठरवून म्हणायचे नव्हते.

हशा पिकला. सरपंच हसत हसत म्हणाले, "मग सर, आम्हाला चार वर्षं हिमालय कशाला दाखवला?"

"हिमालय खराच आहे, भाऊ. पत्ता मी चुकीचा दिला." हसू ओसरेपर्यंत ते थांबले. "कारण चुकलं होतं. तडा चुकला नव्हता. तो आजही मुलींच्या डोक्यावर आहे."

मग कुणी हसलं नाही. मागच्या बाजूला बायकांमध्ये अक्का बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत, बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "उद्यापासून त्या भिंतीखाली पोरी बसल्या तर मी चूल पेटवणार नाही. काय खायचं ते खा."

अभियंत्याने पुढे येऊन वही मागितली. उभ्या उभ्या पानं चाळली, मग खुर्चीवर बसून पहिल्यापासून वाचली. "सर, हे आधी का नाही दिलंत?" तो म्हणाला. "काळ्या मातीत पाया कसा घ्यायचा, हे आमच्या पुस्तकात आहे."

पुढच्याच सोमवारपासून सातवीचा वर्ग व्हरांड्यात भरू लागला. एप्रिलमध्ये वर्ग पाडायला मजूर आले. एकाने तड्यात पहार घातली आणि सहज जोर दिला. दुसरा जोर द्यावा लागला नाही. वरपासून खालपर्यंत अख्खी भिंत आतल्या बाजूला बसली. धूळ खाली आल्यावर दुसऱ्या बाकाची जागा दिसेना. मी बहिणीचा हात धरून उभी होते. सर चहाचा कप हातात घेऊन उभे होते, आणि त्या दिवशी त्यांनी चहाकडे बघितलंच नाही.

नवी खोली काळी माती पूर्ण काढून, खाली मुरूम भरून, त्यावर उभी राहिली. त्या भिंतीवर सरांनी काच लावली ती मी गाव सोडेपर्यंत शाबूत होती.

पण त्यानंतर किती तरी महिने सरांनी जोडाचं नाव घेतलं नाही. मी दहावी होऊन बाहेर पडले होते, पण बहीण सांगायची, भूगोलाच्या तासाला ते पुस्तक उघडायचे आणि पुस्तकच वाचायचे. "काय, हलला का?" बंद झालं. गावाला चुकल्यासारखं वाटायला लागलं. शेवटी एके दिवशी अक्काच वर्गात आल्या, काखेत ती गोधडी.

"सर, ही नव्या पोरींना दाखवली नाही अजून."

"अक्का, त्यात माझी चूक झाली होती."

"भिंतीत चूक झाली. गोधडीत कुठं झाली? डोंगर काय माझ्या चुलीनं वर आणला?"

सर हसले. त्यांनी गोधडी फरशीवर पसरली.

त्याच आठवड्यात ते मला आणि बहिणीला डोंगराच्या पायथ्याला घेऊन गेले. ओढ्याच्या कडेला काळ्या खडकात एक लांब भेग होती, सरळ पूर्व-पश्चिम. माती नाही, नुसता दगड. सरांनी माझी एक हिरवी बांगडी मागून घेतली, तिचा तुकडा भेगेवर आडवा चिकटवला, तारीख घातली.

"ही कधी वाढेल सर?" बहिणीने विचारलं.

"माझ्या हयातीत नाही. तुमच्याही नाही, बहुतेक. ही भेग जोडाचीच आहे, असंही मी आता छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण लावून ठेवायची. डोंगर वर येतो तो असाच. एका माणसाला दिसेल एवढा कधीच येत नाही."

सर निवृत्त होऊन साक्रीला गेले, त्याला आता काही वर्षं झाली. गेल्या दिवाळीत भेटायला गेले होते. डोळे अधू झालेत. घराच्या ओट्यावर, शेजारच्या अंगणवाडीवर, बसथांब्याच्या भिंतीवर काचा आहेत. दिसत नाही म्हणून ते बोटाने चाचपतात, त्यामुळे बोटांना कायम बारीक जखमा. मला आवाजावरून ओळखलं.

"काय, हलला का?"

"नाही सर. येताना बघून आले. हिरवी काच तशीच आहे."

"असू दे," ते म्हणाले. "तिची काळजी डोंगर करेल. तू शाळांचं बघ. मला आता यावलपर्यंत येणं जमत नाही."

म्हणून हे लिहिते आहे. मी एकटी किती शाळा बघणार?

तुमच्या घरात फुटक्या बांगडीचा तुकडा निघेल, नाही तर काचेची एखादी पट्टी मिळेल. ती घेऊन या आठवड्यात तुमच्या गावच्या शाळेत जा. सगळ्यात मोठा तडा शोधा. त्यावर काच आडवी चिकटवा, खाली तारीख लिहा, आणि दर महिन्याला जाऊन बघा. काच गेली तर त्याच दिवशी मुलांना त्या भिंतीखालून उठवा. तडा कशामुळे गेला ते नंतर शोधता येतं. आणि अर्जात कारण लिहिण्याआधी, त्या भिंतीजवळ रोज चूल पेटवणाऱ्या बाईला एकदा विचारा. तिने सांगितलेलं पहिल्याच वेळी ऐका.